धूर खाली उतरतो

लातूरहून दुपारच्या एस.टी.ने डबा परत आला, तेव्हा त्यात दीड भाकर तशीच होती. फाट्यावर उभ्या उभ्याच सिंधूने झाकण काढून वास घेतला. भाकरीला, वांग्याच्या भाजीला, डब्याला गुंडाळलेल्या फडक्यालासुद्धा धुराचा वास होता.

"पोरीचा निरोप हाय," कंडक्टर खिडकीतून वाकून म्हणाला. "म्हणली, आईला सांगा, चूल जरा बेतानं पेटव. रूमवरच्या पोरी हसायल्यात म्हणं तिला. तुमच्या गावात भाकरी मसनवट्यात भाजतेत का, म्हणून."

गाडीतली दोन-चार माणसं हसली. गाडी निघून गेली.

सिंधूने चूल पेटवलीच नव्हती. सासूला धूर सोसत नाही म्हणून तिच्याकडे दोन वर्षांपासून भाकरी रॉकेलच्या स्टोव्हवर होत होत्या. रॉकेल संपलं तरच चूल, आणि तीही शेडच्या मागे, लांब, वारा बघून. बारावीची परीक्षा आठवड्यावर आली होती आणि उज्वलाने दीड भाकर टाकली होती, हे तिला लागलं. पण भाकरीला लागलेला धूर तिच्या घरचा नव्हता. तो कुठला होता, ते बोरगव्हाणात कोणालाच धड सांगता येत नव्हतं.

गुजरातेत भूकंप होऊन महिना होत आला होता. त्या दिवशी टीव्हीवर ढिगारे दिसले आणि शिरूर अनंतपाळच्या आसपासच्या गावांतून संध्याकाळच्या आतच बाजा आणि गोधड्या बाहेर निघाल्या. किल्लारीच्या साली पडलेल्या घरांचे दगड बोरगव्हाणच्या जुन्या गावठाणात अजून तसेच पडून होते, त्यांतून रुईची झाडं उगवली होती. कोणाला समजावून सांगायची गरज पडली नाही. गाव उठून ओढ्याकाठच्या मोकळ्या रानात गेलं. तिथे भिंत नव्हती, खांब नव्हता, मोठं झाड नव्हतं. अंगावर पडायला वर फक्त आभाळ होतं. लातुरात क्लासच्या पोरीसुद्धा आठवडाभर गच्चीवर झोपल्या, मग परीक्षा जवळ आली तशा आत गेल्या. बोरगव्हाणला परीक्षा नव्हती. गाव रात्री ओढ्यातच झोपत राहिलं.

आणि मग हा धूर आला. त्याच्या आधी माळावरचं गवत पेटलं होतं, पण ते दरसाल पेटतं. पोरांनी लिंबाच्या डहाळ्यांनी झोडपून विझवलं, माळ काळा पडला, लोक विसरले. त्यानंतर जाळ कुठेच दिसला नाही. दिवसा माळाच्या माथ्यावर नुसतं धुरकट दिसायचं. ऊन कलतं झालं, हवेत गारवा आला, की ओढ्याच्या कोरड्या पात्रातून पांढुरका धूर सरकत यायचा. आधी घोट्याएवढा, मग गुडघ्याएवढा, मग बाजेएवढा. बघणाऱ्याला तो आला असं वाटायचंच नाही. जमिनीतून निघाला असंच वाटायचं.

---

घर दोन खोल्यांचं होतं. किल्लारीनंतर सरकारने बांधून दिलेलं, वर सिमेंटचं छत, लोखंडी खिडक्या, लोखंडी दार. गावात त्याला भूकंपाचं घर म्हणत. सिंधूच्या भूकंपाच्या घरात तुरीची पोती, खताच्या गोण्या, उज्वलाची जुनी पुस्तकं आणि लग्नातली भांडी राहत होती. माणसं शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. शेडला तिन्ही बाजूंनी तुराट्यांचे तट्टे होते आणि चौथी बाजू उघडी.

हे सगळं सासूमुळे, मल्लम्मामुळे होतं. जुन्या घराचं मातीचं माळवद पडलं तेव्हा नवरा सिद्रामप्पा जागच्या जागी गेला आणि ती पहाटेपासून दुपारपर्यंत मातीखाली राहिली. बाहेर काढली तेव्हा तोंडातून मातीच निघत होती. तेव्हापासून दमा, आणि तेव्हापासून तिने घराचा उंबरा ओलांडला नव्हता. काही लागलं तर अंगणात उभी राहायची आणि आतल्या माणसाकडून हातात घ्यायची. छताला भिते, असं सगळं गाव म्हणायचं. बोलायला त्यात काही राहिलंच नव्हतं.

सिंधू फाट्यावरून आली तेव्हा मल्लम्मा बाजेवर बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे वर. सकाळपासून ती आडवी झाली नव्हती.

"खाल्लं का पोरीनं?" तिने विचारलं.

"खाल्लं."

"डबा जड वाजला."

सिंधूने डबा पाठीमागे ठेवला. "आत्या, पाणी तापवू का? वाफ घ्या थोडी."

"वाफ नको. वाफबी धुरावानीच दिसायली मला." मल्लम्माने श्वास घेतला. तो घेताना तिच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना खड्डे पडले. "सिद्धलिंग कुठं गेला?"

"पंचायतीत. शिरूरहून कोणी साहेब आलाय पेटी घेऊन. जमीन हलायली का ते बघायला."

साहेबाने पेटी पंचायतीच्या ओट्यावर दुपारभर ठेवली. लोक पेटीकडे बघत बसले. संध्याकाळी साहेब म्हणाला की काही नाही, जमीन शांत आहे, आणि पेटी जीपमध्ये घालून निघून गेला. यावर सरपंच शेषेरावने मारुतीच्या देवळातला भोंगा लावला. शेषेरावला भोंग्यात बोलायची हौस होती आणि गावाची काळजीही खरीच होती. "साहेब म्हणले काही न्हाई. त्या सालीबी काही न्हाईच म्हणले होते. तरी सगळ्या मंडळींनी वड्यातच झोपावं. लेकरं, म्हातारी माणसं आधी न्यावी. घरात कोणी राहू नये, ही विनंती."

सिद्धलिंगने आईची बाज एका बाजूने उचलली, सिंधूने दुसऱ्या. मल्लम्मा मागून काठी टेकत चालली. उतार होता. चालता चालता सिंधूच्या नाकात वास भरला, ओल्या गवताचा आणि जळक्या शेणाचा. ओढ्यात निम्मं गाव बसलं होतं. कंदिलांच्या भोवती धुराची कडी होती. कोणी ना कोणी सारखं खोकत होतं. एकाचा खोकला थांबला की दुसऱ्याचा सुरू व्हायचा, कुत्र्यांच्या भुंकण्यासारखा.

"उंचावर झोपलो तर?" सिंधू नवऱ्याला म्हणाली. "आपल्या अंगणात तरी? तिथं एवढा न्हाई."

"अंगणात घराची भिंत हाय."

"एवढी न्हाई पडायची ती."

"तुला काय माहीत?" तो म्हणाला. मग बाज खाली टेकवताना, "मलाबी कुठं माहीत हाय."

---

हरभरा उपटायचा तर दव असतानाच उपटावा लागतो. ऊन चढलं की घाटे तडकून दाणे रानात सांडतात. सिंधू उजाडायच्या आत शिवारात होती. सोबत शेजारची वहिदा आणि रोजाने लावलेल्या दोन बाया. पानांवरची आंब, ते आंबट दव, हातांच्या चिरांत जाऊन झोंबत होती. रोज झोंबायचीच, पण आज डोळेही तसेच झोंबत होते, आणि हात आंबट म्हणून डोळ्यांना लावता येत नव्हते. सिंधू खांद्याने डोळे पुसत होती. घाट्यांवर पांढरी राख बसली होती, बोट लावलं की पिठासारखी मोडायची.

"गुजरातेत आधी विहिरींचं पाणी गरम झालतं म्हणं," एक बाई म्हणाली.

"कोण म्हणलं?"

"पेपरात आलं."

"तुला कधीपासून वाचाया यायलं गं?"

"माझ्या नवऱ्याला येतंय की."

"त्याला बाटलीवरचं येतंय."

बाया हसल्या, आणि हसता हसता दोघींना खोकल्याची उबळ आली. वहिदा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. सूर्य वर आला होता, पण घासलेल्या तांब्याच्या ताटासारखा नुसता लाल. डोळे न मिटता बघता येत होता.

"भाबी, हमारे ये बोलते, कारखान्याचा धूर है," वहिदा म्हणाली.

"कारखाना एवढ्या लांब. आणि तो रोज असतोय."

"मग माळावरचा?"

"माळ तर विझला. मी डोळ्यानं बघितला, काळा पडलाय सगळा."

"मग?"

सिंधूने पुढचं झाड मुठीत धरलं आणि उपटलं. मुळांना लागलेली माती तिने झटकली आणि झटकताना न कळत तिचा हात जमिनीला लागला. माती थंड होती. तिने तळवा टेकवून बघितला. थंडच. वहिदाने ते बघितलं आणि तिनेही खाली वाकून हात टेकवला. दोघी क्षणभर तशाच, पेरणीआधी जमिनीचा वाफसा बघायला बसल्यासारख्या.

"गार है," वहिदा म्हणाली.

"गार हाय," सिंधू म्हणाली. त्याने काही उलगडलं नाही.

तेवढ्यात बांधावरून सिद्धलिंग पळत येताना दिसला. त्याच्या एका पायात चप्पल नव्हती.

"चल," तो लांबूनच ओरडला. "अव्वाला श्वास घेता यीना."

---

वहिदाच्या नवऱ्याचा टेंपो होता. नासिर सुतार, आता वेल्डिंगही करायचा, आणि टेंपोतून चौकटी पोहोचवायचा. मल्लम्माला मागच्या बाजूला लाकडाच्या भुशावर गोधडी टाकून बसवलं. सिंधूने तिला पाठीमागून छातीशी धरलं होतं. म्हातारीच्या पाठीतून प्रत्येक श्वास सिंधूच्या फासळ्यांना लागत होता, आत जाताना शिट्टी आणि बाहेर येताना कण्हणं. ओठ निळसर झाले होते. शिरूरच्या रस्त्यावर वर चढल्यावर हवा बदलली. सिंधूला ते आधी नाकाने कळलं. मग मागे वळून बघितलं, तर खाली बोरगव्हाणच्या जागी ताकासारखं पांढरं साचलं होतं आणि त्यातून देवळाचा कळस तेवढा वर आला होता.

डॉक्टरने आधी इंजेक्शन दिलं, मग नळी लावून वाफारा दिला. म्हातारीचे खांदे हळूहळू खाली आले. मग तो सिंधूकडे वळला.

"कुठं झोपवता यांना?"

"वड्यात."

"ओढ्यात? एवढ्या धुरात? दम्याच्या बाईला?"

"भूकंपाची भीती हाय म्हणून सगळं गाव..."

"भूकंपानं मरतील तेव्हा मरतील. या आत्ता मरायल्यात." बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांनी माना वळवल्या. डॉक्टरचा आवाज खाली आला नाही. "सकाळपासून तुमच्या गावचे किती आले माहीत आहे? लेकरं, म्हातारे. सगळे एकच सांगतात, उघड्यावर होतो. घर आहे का तुम्हाला?"

"हाय."

"पक्कं?"

"सरकारी हाय. छताचं."

"मग त्याच्यात ठेवा. दारं-खिडक्या लावा, फटीत ओली फडकी कोंबा. आज परत त्या खड्ड्यात झोपवलंत तर रात्रीतून माझ्यापर्यंत पोचायच्या नाहीत त्या. कळलं का?"

"कळलं," सिंधू म्हणाली. तिच्या बोटांच्या चिरा काळ्या पडल्या होत्या. तिने हात पदराखाली घेतले. छताखाली जायला म्हातारी तयार होत नाही, हे त्याला सांगावंसं तिला वाटलं. पण बाकावरची माणसं अजून बघत होती.

---

परत आले तेव्हा पंचायतीपुढे गर्दी होती. गावातच मागे राहिलेला सिद्धलिंग दुपारी चार-सहा गड्यांबरोबर माळाच्या पलीकडे गेला होता आणि आता भुवया जळालेल्या अशा तोंडाने ओट्यावर बसला होता.

"घळीत हाय," तो सांगत होता. "वनीकरणाची झाडं हायत ना, तिथं. गवत पेटलं तेव्हाच घरंगळत खाली गेलं असंल. जाळ न्हाई, नुसतं धुमसतंय. पाला हातभर खोल हाय. आम्ही वरून घागरीनं पाणी मारलं, तर धूर खालूनच निघायला."

"मग मी काय म्हणायलो?" शेषेराव उठून उभा राहिला. "हेच! खालून निघायलाय!"

"पाल्याच्या खालून म्हणतोय मी, सरपंच."

"पाल्याच्या खाली काय असतंय? जमीनच ना?"

सिद्धलिंग आपल्या पोळलेल्या तळव्यांकडे बघत राहिला. गर्दीतून कोणी म्हणालं की पाला आपोआप कशाला धुमसंल. कोणी म्हणालं की किल्लारीच्या आधी असाच वास आला होता. कोणी म्हणालं की तसा वास तर कधीच आला नव्हता. वनखात्याला निरोप गेला होता, टँकर उद्या येईल, म्हणजे बहुतेक उद्या.

सिंधू पदर सावरून पुढे आली. "डॉक्टर म्हणले, आत्याला घरात ठेवा. दारं लावून."

"घरात?" शेषेराव तिच्याकडे वळला. "भुजला घरातली माणसं गेली का बाहेरची? डॉक्टर कुठला हाय? बार्शीकडचा. त्याला काय माहीत इथलं? सिद्धलिंग, बायकोला समजाव. आईला एकदा मातीतून काढलीस, आता दुसऱ्यांदा घालतोस का?"

सिद्धलिंग मान खाली घालून उठला. सिंधूला वाटलं, सरपंच म्हणतो तेही खरं असेल. डॉक्टर म्हणतो तेही खरं असेल. मग म्हातारीला ठेवायचं कुठं? वर आभाळात?

---

ऊन कलतं झालं होतं. ओढ्याकडे बघितलं तर पात्रातली पांढरी रेघ रुंद होत होती.

नवरा-बायकोने मल्लम्माला दोन्ही बगलांतून धरून भूकंपाच्या घराकडे आणलं. इंजेक्शनचा जोर होता तोवर ती चालली. पायरी चढली. उंबऱ्याशी आली आणि तिने दोन्ही हातांनी चौकट पकडली.

"अव्वा, चल," सिद्धलिंग म्हणाला.

"न्हाई."

"आजच्या दिवस. डॉक्टर म्हणलाय."

"तुमचा डॉक्टर झोपू दे आत."

त्याने तिच्या कमरेला हात घातला, उचलायला बघितलं. म्हातारीने चौकट सोडली नाही. तिची काकणं लोखंडावर वाजली, एक फुटलं. तिने पोराच्या तोंडावर फटका मारला, जळालेल्या भुवईवरच, आणि त्या धडपडीत तिला खोकल्याची उबळ आली. ती पायरीवरच मटकन बसली. सिद्धलिंग बाजूला झाला. पन्नाशीचा बाप्या, पोळलेले हात लोंबकळत ठेवून तो अंगणात उभा राहिला, आणि त्याचं तोंड शाळेबाहेर उभं केलेल्या पोरासारखं झालं.

"जावा तुम्ही," सिंधू म्हणाली. "बैलं शेडात बांधून घ्या. जावा."

ती सासूच्या शेजारी पायरीवर बसली. उबळ ओसरेपर्यंत पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला स्वतःलाच काय करावं कळत नव्हतं. बोलायला काहीतरी हवं म्हणून ती बोलली.

"आत्या, एवढं कशाचं भ्याव वाटतंय तुम्हाला? छत सिमेंटचं हाय. माती न्हाई त्याच्यावर."

मल्लम्माने तिच्याकडे बघितलं. "छताचं कोण म्हणलं?"

"मग?"

"दार." म्हातारीने मान मागे न वळवता हात मागे करून दाखवलं. "ते."

सिंधूने मागे बघितलं. निळा रंग उडालेलं लोखंडी दार अर्धवट उघडं होतं.

"माळवद पडलं तवा मी मेली न्हाई," मल्लम्मा तुटक तुटक बोलत होती, मधे श्वास घेत. "दाराच्या कोपऱ्यात होते. बसायपुरती जागा होती. पर दार लागलं. आपोआप लागलं, अन् दगड आला मागनं. फटीतून उजेड दिसायला. माणसं दिसायली, पाय दिसायले. मी हाका मारायले. कोणी ऐकंना. सगळे वरून माती काढायले. मी दारात, अन् सगळे वर." तिने पदराने ओठ पुसले. "तवापासून दार बघितलं की मला छातीत काही तरी धरतंय."

"उघडं ठेवलं तर?"

"उघडं ठेवलं तरी दारच ना ते. हललं की लागतंय."

आठ वर्षं झाली होती. सिंधू रोज हिच्या हातात पाण्याचा तांब्या देत होती आणि घरातलं सामान हिला दारातून देत होती. छताला भिते, हे तिने कधी विचारून घेतलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं.

ती उठली आणि कुंपणापाशी जाऊन ओरडली, "वहिदाभाबी! नासिरभाईला पाठवा जरा. हातोडा घेऊन म्हणावं."

नासिर आला, ऐकून घेतलं, आणि डोकं खाजवलं. "दार काढायचं? और डॉक्टर क्या बोला? दार लावा ना?"

"लावा म्हणला."

"मग?"

"मग माहीत न्हाई. काढा तुम्ही आधी."

बिजागऱ्या गंजल्या होत्या. नासिरने घासलेट टाकलं, खालून हातोड्याचे ठोके घातले. मल्लम्मा पायरीवरून प्रत्येक ठोका बघत होती. त्या सालीही चौकट करवतीने कापून तिला बाहेर काढणारा नासिरच होता, तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा. शेवटी दार निघालं. सिद्धलिंगने एक टोक धरलं.

"भिंतीला उभं करू?" नासिरने विचारलं.

"उभं नको," मल्लम्मा म्हणाली. "आडवं टाक. तिकडं, लांब. मला दिसंल असं."

"अव्वा, दार हाय ते. बैल न्हाई. उठून येणार न्हाई तुमच्याकडं."

"आडवं टाक म्हणले ना."

दार अंगणाच्या टोकाला आडवं झालं. म्हातारीने ते नीट बघून घेतलं, मग पदर डोक्यावरून घेतला आणि उंबरा ओलांडून आत गेली. तुरीच्या पोत्यांना पाठ लावून बसली. सिद्धलिंग उगाच दाव्याची गाठ सोडून परत मारू लागला.

आता दाराच्या जागी माणूसभर उंचीचं भोक होतं आणि धूर अंगणाच्या कडेला आला होता. वहिदाने आपल्या घरून दोन गोणपाटं आणली, सिंधूने खताच्या गोण्या उसवल्या. नासिरने चौकटीला वर खिळे मारून ती एकावर एक टांगली. खिडक्यांच्या फटींत सिंधूने लुगड्याचे तुकडे कोंबले. हौदातून घागर भरून आणली आणि गोणपाटांवर ओतली. पाणी उंबऱ्यावरून अंगणात वाहिलं. आत अंधार, तुरीचा वास, ओल्या तागाचा वास. धुराचाही होता, पण मागे पडलेला.

"कसं वाटतंय?" सिंधूने विचारलं.

"ओल्या कुत्र्याचा वास यायला," मल्लम्मा म्हणाली. आणि नाकावरचा पदर काढत, "बरं हाय."

तिन्हीसांजेला शेषेराव आला. भोंग्यातून ओरडून त्याचा घसा बसला होता. गोणपाट बाजूला करून त्याने आत डोकावलं.

"दार काढलं? तूर हाय ना आत? चोर आले म्हणजे?"

"चोर सगळे वड्यात हायत," मल्लम्मा म्हणाली. "तुझ्या शेजारीच झोपलेत."

शेषेराव हसायला गेला आणि खोकला. बराच वेळ खोकला. मग गोणपाटाच्या आतल्या बाजूला उभा राहिला, चौकटीला टेकून. दोन-चार श्वास त्याने नीट घेतले. त्याची नजर सारखी छताकडे जात होती.

"बसा की," सिंधू म्हणाली.

"न्हाई, न्हाई. लोक काय म्हणतील. मीच सांगितलंय वड्यात झोपा." तो बाहेर गेला. उतारावरून त्याचा खोकला बराच वेळ ऐकू येत होता.

---

सिंधू म्हातारीच्या शेजारी खाली पोतं अंथरून पडली. नवरा शेडमध्ये बैलांजवळ होता. मधूनमधून उठून ती गोणपाटाला हात लावायची, वाळलं असलं तर तांब्याभर पाणी मारायची, परत येऊन सासूच्या श्वासाला कान द्यायची. शिट्टी होती. पण दोन शिट्ट्यांमध्ये आता जागा होती. एकदा तर म्हातारी घोरली. सिंधू ते ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा गोणपाटाच्या कडेने करडा उजेड आत आला होता. डब्याची वेळ. आज भाकरी आतच करायच्या, वाफ जाऊ द्यायची आणि फडक्यात न बांधता पिशवीत घालायच्या, म्हणजे उज्वलाला वास लागणार नाही, असं तिच्या मनात चाललं होतं. ती उठून बसली.

फळीवरची भांडी वाजली.

आधी पितळी डबा, मग ताटं, मग सगळी मिळून, किणकिण, किणकिण. खालची फरशी तिच्या मांडीखाली थरथरली.

पुढचं तिला कळलं ते अंगणात उभी असताना. पाय उघडे होते, पदर गळ्यात होता, चेहऱ्याला ओलं ताग घासून गेलं होतं. भोवती धूर इतका दाट की शेड दिसत नव्हतं. ओढ्याच्या बाजूने बायका ओरडत होत्या, कुत्री भुंकत होती, कोणी देवाचं नाव घेत होतं. तिच्या छातीत धूर भरला आणि ती वाकून खोकू लागली.

सिद्धलिंग धुरातून पळत आला. त्याने तिचे दंड धरले.

"अव्वा कुठं हाय?"

सिंधूचा खोकला थांबेना.

"अव्वा कुठं हाय गं?"

"आत."

"तू बाहेर, अन् अव्वा आत?"

तिने त्याच्याकडे बघितलं नाही. आपण उठलो कधी, उंबरा ओलांडला कधी, यातलं काहीही तिला आठवत नव्हतं. पाय तिला न विचारता निघाले होते. हात म्हातारीच्या हातापासून वीतभर होता, एवढं मात्र आठवत होतं.

कुंपणापलीकडून नासिरचा आवाज आला, "टँकर था! वनखात्याचा टँकर गेला माळाकडं! मी बघितला!" आणि त्याच वेळी खालून भोंगा सुरू झाला, शेषेरावचा बसका घसा, "धक्का बसलाय, मंडळी, धक्का बसलाय, कोणी घरात जाऊ नये..."

सिद्धलिंग एकदा आवाजाकडे बघत होता, एकदा घराकडे. घर उभं होतं. चौकटीत गोणपाट लोंबत होतं, एक कोपरा सिंधूच्या धक्क्याने खिळ्यावरून निघालेला, आणि त्या फटीतून धूर आत शिरत होता.

"सिंधे," आतून आवाज आला.

दोघंही हलली नाहीत.

"अगं सिंधे. गोणपाट सुटलंय. वाळलंबी हाय. पाणी मार की जरा."

सिंधूने हौदातून घागर भरली. घागरीतलं पाणी हिंदकळत होतं, ते तिच्या चालण्यामुळे, की अजून जमीनच थरथरत होती म्हणून, हे तिला ठरवता आलं नाही. तिने कोपरा खिळ्याला अडकवला आणि वरून पाणी ओतलं. पाणी तागातून निथळून तिच्या उघड्या पायांवर आलं.

"अन् तिथं उभं राहू नको," मल्लम्मा म्हणाली. "आत ये. बाहेर धूर हाय."